लतेचा बंदोबस्त

भिवंडी,
६ सप्टेंबर १९७४

चि. श्रीनाथ यास अनेक आशीर्वाद.

तुझे पुण्याचे बँकेचे ट्रेनिंग नीट चालले आहे हे वाचून समाधान वाटले. खानावळीची आमटी पातळ असते असे तू लिहितोस. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, डोळे मिटून गीळ. इकडे आम्ही सासरा-सून दोघेही ठीक. पण घरात तिसरेच कोणी माजले आहे आणि त्यापायी माझी दुपारची झोप उडायची वेळ आली आहे.

गेल्या वर्षी कल्याण रस्त्यावरच्या नर्सरीतून मी एक वेल आणली होती ती तुला आठवत असेल. नाव विचारले तर नर्सरीवाला म्हणाला, 'अनंतलता'. उभा जन्म मराठी शिकवण्यात गेला, त्यामुळे इतके गोड नाव ऐकल्यावर मी बाकी काही विचारलेच नाही. तिथेच फसलो. अनंत म्हणजे ज्याला अंत नाही तो, हे निदान मराठीच्या मास्तराच्या तरी ध्यानात यायला हवे होते.

फुले सुंदर, यात वाद नाही. गुलाबी घोस असे लटकतात की रस्त्याने जाणारा थांबतो. पण लतेने (मी तिला लाडाने लताच म्हणतो) आधी तगर गिळली, मग ती पपईवर चढली. परवा तारेवर वाळत घातलेले माझे धोतर तिच्या मिठीतून सोडवायला कामाच्या राहीबाईला विळी आणावी लागली. आता ती मागचे पत्र्याचे कुंपण ओलांडून मोमीन शेठच्या लूमच्या शेडमध्ये शिरली आहे. शेठ भला माणूस, हसत म्हणाला, "मास्टरजी, आपकी लता हमारे धागे में फँसेगी." मी शरमेने लाल झालो.

पाणी तोडून पाहिले. तरी सकाळी मूळ ओलेच. दव पडत असावे. तोडायचा विषय काढला की माधवीचा चेहरा उतरतो, "असू द्या ना, तात्या" म्हणते. पोर हळव्या मनाची आहे. तुझ्या सासऱ्यांना बागेचे उत्तम कळते, गणेशपुरीच्या आश्रमात येणारी माणसेसुद्धा त्यांची फुलझाडे पाहायला थांबतात. त्यांनाच एक कार्ड टाकतो.

तुझा,
तात्या

*

(पोस्टकार्ड)

भिवंडी, ७ सप्टेंबर १९७४

रा. रा. नरहरराव टिपणीस यांस तात्या कर्णिक यांचा सप्रेम नमस्कार.

कार्डावर जागा थोडी, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. लता अगदी हाताबाहेर गेली आहे. आणली तेव्हा किती नाजूक होती! वर्षभरात तिने असे हातपाय पसरले की घर तिचे की माझे, हेच कळेनासे झाले आहे. डोक्यावर चढून बसते. रोज कुंपण ओलांडून शेजारच्या लूममध्ये जाते आणि शिफ्ट सुटली की कारीगर तिच्याकडे बघत उभे राहतात. शेजाऱ्यांपुढे मान खाली घालावी लागते. मध्यंतरी पंख छाटून पाहिले, तर दुप्पट उसळली. आठवडाभर पाणी तोडले, तरी टवटवीत. मुळासकट उपटून टाकावी असे मनात येते, पण आपल्या सल्ल्याशिवाय काही करणार नाही. तिला आपल्याइतके कोण ओळखणार? कार्ड संपले, बाकी क्षेमकुशल राहिले.

आपला,
तात्या कर्णिक

*

गणेशपुरी,
१२ सप्टेंबर १९७४

चि. सौ. लता हिस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझे सासरचे नाव घातले आहे. लग्नात तात्यांनी तांदळात 'माधवी' लिहिले ते त्यांच्यापुरते ठीक, पण माझ्या जिभेवर विद्युल्लतेची लताच येते. आजवर मला वाटे की तिकडे तुझे हे नाव कुणाच्या ध्यानातही नसेल. तात्यांच्या मात्र चांगलेच ध्यानात आहे असे दिसते.

त्यांचे कार्ड आले. उघडे कार्ड, त्यामुळे माझ्याआधी ते नवशा पोस्टमनने वाचले. हातात देताना त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "बाबानू, ताईचा तिकडं काय तरी बिनसलाय. मना वाचायचा नव्हता, पन नजर गेली." तेव्हापासून तुझी आई देवासमोर बसली आहे. मी दोन वेळचे पिठले केले.

बाळ, तू डोक्यावर चढून बसतेस, हाताबाहेर गेली आहेस, असे तात्या लिहितात. ते सोडून देऊ. पण रोज कुंपण ओलांडून शेजारच्या लूममध्ये जातेस हे खरे काय? लग्नाआधी तू आंब्यावर चढायचीस ते मला कौतुकाचे वाटे, पण ते वय निराळे. आणि तुझे पाणी तोडले म्हणजे नेमके कोणते? पिण्याचे की अंघोळीचे?

भांडू नकोस. तात्यांना मी वेगळे लिहिले आहे, सभ्य भाषेत. यायचे असेल तर एक ओळ टाक. मला फार काळजी वाटते आहे.

तुझे,
बाबा

*

गणेशपुरी,
१२ सप्टेंबर १९७४

रा. रा. तात्यासाहेब यांस नरहर टिपणीस याचा नमस्कार.

आपले कार्ड पोचले. वाचून आम्हा उभयतांना काय वाटले ते लिहीत नाही.

इथे होती तोवर तिच्याबद्दल एक तक्रार कानावर आली नाही. मोकळ्या हवेत वाढलेली आहे. आम्ही तिला कधी बांधून घातले नाही, पण वळण दिले होते. जबरदस्ती केली की ती अधिक उसळते, हा तिचा जन्मजात स्वभाव. हळुवार हाताने घेतले तर हवी तिकडे वळते. आपल्याकडे ती अशी का वागावी? माझ्या मते दोष तिचा नसून जागेचा असावा.

मुळासकट उपटण्याची भाषा कृपा करून करू नये. एकदा कुठे मूळ धरले की उपटताना त्या घरचीही माती निघते. तरीही आपल्याला ती नकोशीच झाली असेल तर मी स्वतः येऊन तिला घेऊन जाईन. आमच्या अंगणात तिच्यापुरती जागा आजही आहे.

पाणी मात्र तोडू नये. ते माणुसकीला धरून नाही.

आपला,
नरहर टिपणीस

*

भिवंडी,
१५ सप्टेंबर १९७४

अहो,

तात्यांना सगळं कळलं आहे. मला एका शब्दाने बोलले नाहीत, थेट बाबांना कार्ड लिहिलं. बाबांचं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. तुम्हालाही मी हे सांगितलं नव्हतं, आता सांगते. रागवायचं तर एकदाच रागवा.

जूनपासून मी रोज दुपारी मोमीन शेठकडे शिकवायला जाते. त्यांची जुबेदा सगळ्या विषयांत पास होते आणि मराठीत गटांगळ्या खाते. तिची अम्मी कुंपणापलीकडून मला सांगत होती, तेव्हा मी म्हटलं, पाठवा तिला. तर म्हणाली, "मास्टरजी के सामने बच्ची की आवाज नहीं निकलेगी." मग मीच गेले. एकीच्या पाच झाल्या, लूमवर सुताच्या कांड्या भरणाऱ्या दोन बायकासुद्धा येऊन बसतात. पगार घेत नाही, म्हणून ही नोकरी नव्हे, अशी मी माझी समजूत घातली होती. लग्नाच्या बैठकीत तात्या म्हणाले होते ना, आमच्या घरात सुना नोकरी करत नाहीत, आणि बाबांनी मान डोलावली होती.

मागच्या कुंपणाचा एक पत्रा निखळला आहे. तिथून जाते. वेलीने ती जागा झाकली आहे, म्हणून आजवर निभावलं. तात्यांनी वेलीचं पाणी तोडलं तेव्हापासून ते उठायच्या आत मीच तिला दोन बादल्या घालते. ती वाळली तर माझं भोक उघडं पडेल.

काल जेवताना तात्या म्हणाले, "जे फार वर जातं त्याला खाली आणावंच लागतं." मग म्हणाले, "आणि हिला चोरून खतपाणी कोण घालतंय, तेही मी शोधणार." मला ठसका लागला. त्यांनीच पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. इतका राग पोटात ठेवून हा माणूस इतक्या मायेने कसा वागतो, मला कळत नाही.

मला तो तास सोडायचा नाही. दिवसभरात तेवढाच वेळ मी कुणाची सून नसते, कुणाची मुलगी नसते. फळ्यासमोर उभी असते, आणि मला ते येतं. तुम्ही तात्यांना लिहाल का? लवकर लिहा.

तुमची,
माधवी

*

भिवंडी,
१६ सप्टेंबर १९७४

रा. रा. नरहरराव यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राने डोळे उघडले. आपल्याकडेही ती होती हे मला ठाऊकच नव्हते! स्वभाव किती नेमका टिपलात. दोष जागेचा, हे तर शंभर टक्के पटले. इथली माती फार माजोरी आहे.

आपण सांगितल्याप्रमाणे काल हळुवार हाताने वळवून पाहिली. तिने माझ्याच गळ्याला विळखा घातला. चष्मा पडला. तेव्हा आता दयामाया पुरे. आपण घेऊन जाण्याचे लिहिता, पण ती ब्याद आपल्या गळ्यात कशाला घालू? आपल्याही अंगणाचा सत्यानाश करील. येत्या रविवारी, २२ तारखेला, शेलार गावचा चिंधू कोयता घेऊन येणार आहे. त्याचा या कामात हात बसलेला आहे. दुपारपर्यंत सगळे आटोपून, तिला घराबाहेर काढून, आम्ही निवांत जेवायला बसू.

चि. माधवीला यातले काही पाहवत नाही, म्हणून तिला त्या दिवशी स्वयंपाकघरातच थांब असे सांगणार आहे.

आपला ऋणी,
तात्या कर्णिक

*

(तार)

२१ सप्टेंबर. लतेस हात लावू नये. चिंधूस थांबवा. मी येतो. टिपणीस.

*

भिवंडी,
२३ सप्टेंबर १९७४

अहो,

तुमचं पत्र आज आलं. तुम्ही पोट धरून हसलात म्हणे. 'अगं वेडे, तात्या वेलीबद्दल बोलत आहेत' ही तुमची ओळ कालच्या आधी आली असती, तर कालचं सगळं टळलं असतं. पण टळलं असतं तर बरं झालं असतं का, ते आता सांगता येत नाही.

शनिवारी तार आली. तात्या इतके खूश झाले की त्यांनी ती राहीबाईला वाचून दाखवली. "याला म्हणतात व्याही! वेल तोडायला स्वतः येतोय." चिंधूला निरोप पाठवायचं मात्र राहून गेलं.

काल सकाळी बाबा पहिल्या एस्टीने आले. हातात छत्री आणि चेहरा असा, की राहीबाईने वाट सोडली. ते तडक परसात गेले. चिंधू कुंपणावर चढला होता. बाबा ओरडले, "कोयता खाली टाक." चिंधूने टाकला आणि म्हणाला, "मालक, माजा काय न्हाय. तात्यांनी बोलावलाय तं आलो हाय."

मी आतून ऐकत होते. तात्या हात पसरून पुढे आले, या या, अगदी वेळेवर आलात, म्हणाले. बाबांनी विचारलं, "ती कुठे आहे?"

"ही काय, पपईवर चढली आहे."

बाबांनी खरंच वर पाहिलं. पपईच्या शेंड्यापर्यंत पाहिलं. तेवढ्यात मी दारात आले. बाबांनी मला पाहिलं, पुन्हा पपई पाहिली आणि विचारलं, "ही लता?"

"अनंतलता," तात्या म्हणाले. "मग तुम्ही कुणाला न्यायला आलात?"

"माझ्या मुलीला."

तात्या जागच्या जागी उभे राहिले. ओठ हलत होते. आपलंच कार्ड ते मनात वाचत असावेत, कारण 'कारीगर बघत उभे राहतात' एवढे शब्द मोठ्याने आले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ही आमची माधवी! तिला लता म्हणतात हे माझ्या डोक्यातून साफ गेलं हो." मग ते हसायला लागले. बाबा धुण्याच्या दगडावर बसले आणि डोळे पुसत हसले. तुमच्या आई गेल्यापासून तात्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. चिंधूही उगाच हसला आणि कामाला लागला.

मला वाटलं, सुटले. आणि त्याच क्षणी चिंधूने कुंपणावरचा वेलीचा अख्खा पडदा ओढून खाली पाडला. मागे निखळलेला पत्रा. पत्र्याच्या फटीत जुबेदा, हातात वही. ती म्हणाली, "टीचर, आज इतवार को भी क्लास लोगे क्या? मुझे कर्मणी प्रयोग नहीं आता."

मग मी सांगितलं. सगळं, उभ्याउभ्या. बादल्यांचंही. बाबा खाली पाहत होते, बैठकीत मान त्यांनीच डोलावली होती ना. तात्यांचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी एवढंच विचारलं, "कर्तरी झाला?"

"झाला."

"कर्मणी कसा सांगितलास?" मी सांगितलं. "चूक," म्हणाले आणि आत गेले. दुपारी जेवले, बाबांना आग्रह केला, संध्याकाळी त्यांना स्टँडपर्यंत सोडून आले. माझ्याशी मात्र त्या विषयावर एक शब्द नाही. हो नाही, नाहीही नाही. भोक उघडं पडलंय आणि आज मी गेले नाही. मला फार भीती वाटते.

तुमची,
माधवी

*

गणेशपुरी,
२६ सप्टेंबर १९७४

रा. रा. तात्यासाहेब यांस नमस्कार.

घडल्या प्रकाराबद्दल क्षमा मागावी तर आपल्याला हसू येईल, म्हणून मागत नाही. नवशाने गावभर आधीच खुलासा केला आहे. आता लोक मला रस्त्यात थांबवून पपई कशी आहे असे विचारतात.

आधी वेलीचे. कोयत्याने ती मरणार नाही. तिचा जीव जमिनीखाली आहे. मुळाशी खणा, रताळ्यासारखे कंद लागतील, एकामागून एक. सगळे काढा. एखादा चुकून राहिला तर पुढच्या पावसात ती पुन्हा हजर. कोंब दिसला की उपटायचा, कंटाळायचे नाही. बी धरू देऊ नये.

आता दुसरे. बैठकीत आपण अट घातली आणि मी हो म्हणालो. तेव्हा तिथे जिचा संबंध होता तिला कुणी विचारले नाही, मीही नाही. याचे मला आता वाईट वाटते. तिला तास घेऊ द्यावा अशी माझी विनंती आहे. आपण नाही म्हणालात तर मी वाद घालणार नाही. पण तिला तोंड दाखवायला मला जड जाईल.

आपला,
नरहर टिपणीस

*

भिवंडी,
१९ ऑक्टोबर १९७४

अहो,

बरेच दिवस मी काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही होत नव्हतं. तात्या रोज सकाळी परसात कुदळ घेऊन कंद खणत होते आणि मी तांदूळ निवडत होते. पहिली टोपली राहीबाईला रताळीच वाटली. तिने ती उकडून मीठ लावून ठेवली आणि तात्यांनी नाश्त्याला खाल्ली. नंतर कळल्यावर म्हणाले, "शत्रू चवीला बरा आहे." तब्येत ठीक आहे, काळजी नको.

वेल गेली. तगर पुन्हा दिसायला लागली. अधूनमधून एखादा लाल कोंब डोकं वर काढतो, तात्या चपळाईने वाकतात. फटीपुढे आता काहीच नव्हतं. पलीकडून जुबेदा दोनदा डोकावून गेली. मी मान हलवून नाही म्हटलं आणि मला रडू आलं.

गेल्या सोमवारी दुपारी तात्या झोपले नाहीत. हातोडी घेऊन मागे गेले. मला वाटलं, पत्रा ठोकून फट बंद करत आहेत. मी जाऊन पाहिलं तर त्यांनी पत्रा काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. "गंजलाय," म्हणाले. "जाता-येता पाय कापेल." एवढंच. मी तशीच, हात पुसतपुसत गेले.

पण गोष्ट इथे संपली असती तर ते तात्या कसले. काल वर्ग चालू असताना स्वारी छत्री घेऊन आत आली. मी कर्मणी प्रयोग सांगत होते, त्यांनी मला तीनदा थांबवलं. एकदा उदाहरण बदलायला लावलं, एकदा माझ्या हातातला खडूच घेतला. जुबेदाचा आवाज खरोखर बंद झाला. मला काय झालं कुणास ठाऊक, मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तात्या, तास माझा आहे."

तात्यांनी खडू माझ्या हातात दिला, छत्री उचलली आणि गेले.

संध्याकाळभर अबोला. मी दोनदा माफी मागायला गेले आणि दोनदा दारातून परत आले, कारण मला माफी मागायची नव्हती. रात्री भाताचा पहिला घास झाल्यावर ते म्हणाले, "इतकी वर्षं वर्गात उभा राहिलो. साहेब तपासणीला येत, मधेच खडू घेत, वाट्टेल ते बोलत. तुझ्यासारखं सांगायचं धाडस मला एकदाही झालं नाही." मग आमटी ओरपली.

"उद्या कितीला आहे तास? मी मागच्या बाकावर बसेन. बोलणार नाही."

मी सांगितलं, तिथे बाक नाहीत, गोणपाटावर बसावं लागतं, आणि बोललात तर उठवीन.

"बसेन," म्हणाले.

तुमची,
माधवी